मानेवाड्याच्या गच्चीवरून देवयानी : प्रक्रियेचं सॉफ्टवेअर निवडतानाचं एक प्रकरण

प्रश्न एका ओळीचा होता : खगोलचित्रांवर प्रक्रिया करणारं पिक्सइन्साइट हे सॉफ्टवेअर विकत घ्यावं की नाही? विचारणारे गृहस्थ नागपुरात मानेवाडा भागात राहतात, बँकेत नोकरी करतात आणि नोव्हेंबर ते मार्च या काळात घराच्या गच्चीवरून तेजोमेघ आणि दीर्घिका टिपतात. त्यांच्या हाती देवयानी दीर्घिकेच्या, म्हणजे एम ३१ च्या, एका रात्रीच्या १२० फ्रेम होत्या. प्रत्येक फ्रेम ६० सेकंदांची, एकूण दोन तास. कॅमेरा कॅनन २००डी, आतला फिल्टर न काढलेला. लेन्स १३५ मिलिमीटर, एफ २.८ वर, आयएसओ ८००. खाली ताऱ्यांच्या चालीनं कॅमेरा फिरवणारा माउंट, स्टार ॲडव्हेंचरर २आय.

फ्रेम डीपस्कायस्टॅकर या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये एकत्र केल्या (यालाच स्टॅक करणं म्हणतात) आणि फोटोशॉपमध्ये उजळल्या. जे चित्र निघालं ते त्यांना पटलं नाही. दीर्घिका मधोमध पिवळट डागासारखी, एका बाजूनं तपकिरी धुरकट पट्टा चढत आलेला, चारही कोपरे काळवंडलेले आणि पार्श्वभूमीवर तिरक्या रेघांची जाळी. फुकटचं सॉफ्टवेअर आहे म्हणून असं होतं, पैसे मोजले की सुटेल, असा त्यांचा समज होता. हा समज खूप जणांचा असतो, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडतो आहोत.

आधी दोष वेगळे केले

तयार चित्र बाजूला ठेवून एक कच्ची फ्रेम आणि न उजळलेला स्टॅक एवढंच समोर घेतलं. चित्रातल्या चार दोषांची कारणं चार निघाली, आणि त्यातली दोन कुठल्याच सॉफ्टवेअरच्या हातात नव्हती.

तपकिरी पट्टा म्हणजे शहराच्या उजेडाचा ग्रेडियंट, एका बाजूनं चित्रभर चढत जाणारा. देवयानी दीर्घिकेची क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचं अंतर, उत्तर ४१ अंश, नागपूरचं अक्षांश २१ अंश. म्हणजे याम्योत्तरावर, आकाशात सर्वांत उंच, असताना ती खस्वस्तिकापासून, थेट माथ्यावरच्या बिंदूपासून, २० अंश उत्तरेला असते, क्षितिजापासून ७० अंश वर. उंची उत्तम आहे. पण मानेवाडा शहराच्या दक्षिण टोकाला, त्यामुळे उत्तरेकडे बघताना अख्खं नागपूर समोर येतं. नोव्हेंबरअखेर दीर्घिका साडेआठच्या सुमारास याम्योत्तर ओलांडते, तेव्हा दुकानं आणि रस्ते दोन्ही जागे असतात. त्यानंतर ती पश्चिमेला कलते आणि ग्रेडियंटची दिशाही फ्रेमगणिक सरकत जाते.

काळे कोपरे म्हणजे लेन्सचं व्हिनेटिंग. ते पुसायला लागणाऱ्या फ्लॅट फ्रेम, म्हणजे एकसारख्या उजळ पांढऱ्या पृष्ठभागाच्या फ्रेम, काढल्याच नव्हत्या.

तिरक्या रेघा म्हणजे ज्याला सगळे वॉकिंग नॉइज म्हणतात तो प्रकार. ध्रुव-जुळणी थोडी चुकलेली असली की तारे दर फ्रेमला एकाच दिशेनं कणभर सरकतात. स्टॅक करताना तारे एकावर एक बसवले जातात, आणि सेन्सरचे गरम पिक्सेल उलट दिशेला रेघ ओढत जातात. यावर उपाय डार्क फ्रेमचा (झाकण लावून काढलेली फ्रेम) आणि डिदरिंगचा (फ्रेमच्या मधे कॅमेरा मुद्दाम किंचित हलवणं). डार्क होत्या, पण त्या मे महिन्यात निवांत वेळ मिळाला म्हणून काढून ठेवलेल्या! मे महिन्यातली गच्ची रात्रीही ३२ अंशांवर असते, लाइट फ्रेम, म्हणजे खुद्द दीर्घिकेच्या, काढल्या तेव्हा हवा १४ अंशांवर होती. सेन्सरचा डार्क करंट, म्हणजे अंधारातही साठत जाणारा विद्युतभार, साधारण दर ६ अंशांना दुप्पट होतो. १८ अंशांचा फरक म्हणजे आठपट. असले डार्क वजा केले की गरम पिक्सेल जात तर नाहीतच, त्यांच्या जागी काळे खड्डे पडतात. कॅननच्या कच्च्या फाइलमध्ये कॅमेऱ्याचं तापमान नोंदलेलं असतं आणि एक्झिफटूलनं ते वाचता येतं. हवेचं नव्हे, हे तापमान जुळवायचं.

चौथा दोष रंगाचा. रंग कधी ताऱ्यांशी पडताळलेलाच नव्हता, स्लायडर डोळ्यांच्या अंदाजानं फिरवलेले होते.

सॉफ्टवेअरच्या बाजूनं एक चूक सापडली आणि ती आम्हाला सगळ्यांत महत्त्वाची वाटली. डीपस्कायस्टॅकरमध्ये स्टॅकिंगची पद्धत मिडियन, म्हणजे प्रत्येक पिक्सेलपाशी मधली किंमत घेणारी, निवडलेली होती. कारण विचारलं तर उत्तर आलं, विमानं. नागपूर देशाच्या मध्यावर, चारही महानगरांमधली विमानं डोक्यावरून जातात, दोन तासांत कित्येक फ्रेमवर रेघा पडतात. मिडियननं रेघा जातात हे खरं. पण सरासरीच्या तुलनेत मिडियनचा नॉइज सुमारे २५ टक्के जास्त राहतो. हिशेब केला तर १२० फ्रेमना जेमतेम ७६ फ्रेमची किंमत येते, म्हणजे ४४ मिनिटांचा प्रकाश पाण्यात. कप्पा-सिग्मा पद्धतीत प्रत्येक पिक्सेलपाशी फक्त वेगळी पडलेली किंमत गाळली जाते आणि उरलेल्यांची सरासरी घेतली जाते. रेघ जाते, प्रकाश राहतो. १५-२० फ्रेमच्या वर संख्या असली की हीच पद्धत घ्यावी, आणि विमानाची रेघ आहे म्हणून अख्खी फ्रेम फेकू नये.

लॅपटॉपची मर्यादा आधी मोजली

विंडोजचा लॅपटॉप, आठव्या पिढीचा कोअर आय ५, ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, एसएसडीवर ९० जीबी मोकळे. सॉफ्टवेअर निवडताना लोक सुविधांची यादी वाचतात आणि डिस्कचा हिशेब करत नाहीत. तो असा करायचा.

२००डी ची फ्रेम ६००० गुणिले ४०००, म्हणजे २ कोटी ४० लाख पिक्सेल. रंग सोडवण्याआधी, म्हणजे कच्च्या फाइलमधून लाल-हिरवा-निळा वेगळे करण्याआधी, १६ बिटमध्ये एक फ्रेम ४८ एमबी. रंग सोडवल्यावर तीन वाहिन्या होतात, १६ बिटमध्ये १४४ एमबी, ३२ बिटमध्ये २८८ एमबी. चाचणीतल्या सॉफ्टवेअरांपैकी सायरिल ३२ बिटमध्ये चालवलं तर १२० फ्रेमच्या रूपांतरित फाइल सुमारे ६ जीबी, डार्क-फ्लॅट लावलेल्या ३५ जीबी, तारे जुळवलेल्या आणखी ३५ जीबी. एकूण ७५ च्या आसपास. सेटिंगमध्ये मधल्या फाइल १६ बिटच्या केल्या तर हेच ४० जीबीत बसतं. कॅमेऱ्याची मूळ माहिती १४ बिटचीच असते, त्यामुळे मधल्या टप्प्यावर १६ बिटनं काही बिघडत नाही. शेवटचा स्टॅक मात्र ३२ बिटमध्येच साठवायचा, कारण १२० फ्रेमच्या सरासरीतून आलेली बारीक पायरी १६ बिटमध्ये राहत नाही.

पिक्सइन्साइटची डब्ल्यूबीपीपी ही स्वयंचलित स्क्रिप्ट प्रत्येक टप्प्याची ३२ बिटची फाइल ठेवते : डार्क-फ्लॅट लावलेली ९६ एमबी, गरम पिक्सेल सुधारलेली ९६, रंग सोडवलेली २८८, जुळवलेली २८८. बेरीज ७६८ एमबी, गुणिले १२०, म्हणजे ९२ जीबी. ९० जीबी मोकळ्या डिस्कवर ही स्क्रिप्ट मध्येच थांबणार हे कागदावरच दिसत होतं. ती बाहेरच्या हार्ड डिस्कवर चालवावी लागली आणि रात्रभर चालली. परवान्याच्या किमतीत हा खर्च कुठे लिहिलेला नसतो.

चाचणी कशाची घेतली

उमेदवार चार ठरवले. आधीपासून वापरात असलेला डीपस्कायस्टॅकर. सायरिल, जे फुकट आणि मुक्त स्रोत आहे, विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हीवर चालतं आणि स्टॅकिंगपासून स्ट्रेचपर्यंत, म्हणजे चित्र उजळण्यापर्यंत, सगळं एकाच जागी करतं. ॲस्ट्रो पिक्सेल प्रोसेसर, ज्याची ३० दिवसांची चाचणी मिळते आणि परवाना वर्षाच्या भाड्यानं किंवा कायमचा घेता येतो. आणि पिक्सइन्साइट, ४५ दिवसांची पूर्ण चाचणी, त्यानंतर सुमारे ३०० युरोचा कायमचा परवाना. ॲस्ट्रो पिक्सेल प्रोसेसर लवकर बाजूला पडला. त्याचं खरं बळ अनेक चौकटी जोडून मोठं चित्र करण्यात आहे, आणि १३५ मिलिमीटरवर या सेन्सरची एक चौकट सुमारे साडेनऊ गुणिले सव्वासहा अंशांची आहे. तीन अंशांची दीर्घिका तीत मोकळेपणानं बसते. जोडायला काही नव्हतंच.

चाचणी लावण्याआधी कॅलिब्रेशन दुरुस्त केलं, नाहीतर चुकीच्या डार्कवर चार सॉफ्टवेअरांची परीक्षा झाली असती. लेन्स कॅमेऱ्यावरून काढलेली नव्हती आणि फोकसच्या कड्याला चिकटपट्टी लावलेली होती, म्हणून फ्लॅट नंतर काढूनही चालले. लेन्सवर पांढऱ्या सुती कापडाचे दोन पदर ताणून, समोर टॅब्लेटचा पांढरा पडदा, छिद्र तेच एफ २.८, आयएसओ तोच ८००, हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) मधोमध येईल असा शटर. पडद्याची लुकलुक पट्ट्यांच्या रूपानं उतरते, म्हणून शटर १/१० सेकंदाच्या आसपास येईपर्यंत पडद्याचा उजेड कमी केला. असे ३० फ्लॅट. बायस, म्हणजे सर्वांत कमी वेळाच्या काळ्या फ्रेम, ५०, १/४००० सेकंदांचे, झाकण लावून. डार्क पुन्हा काढले, थंड रात्री, तापमान एक्झिफटूलनं पडताळून, ६० सेकंदांचे ३०. कॅमेऱ्यातलं लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद. ते चालू राहिलं तर प्रत्येक फ्रेममागे तेवढाच वेळ वाया जातो.

आता तुलनेतला सापळा. प्रत्येक सॉफ्टवेअर न उजळलेली फाइल पडद्यापुरती आपोआप उजळून दाखवतं, आणि उजळण्याची प्रत्येकाची रीत वेगळी. शेजारी शेजारी दोन खिडक्या उघडून ‘याचं चित्र स्वच्छ दिसतं’ म्हणणं म्हणजे दोन वेगळ्या बल्बखाली साडीचा रंग जुळवणं. डीपस्कायस्टॅकरची ३२ बिटची टिफ फाइल दुसरीकडे उघडली की जवळजवळ काळी दिसते, तीही खराब झालेली नसते, नुसती न उजळलेली असते.

म्हणून सगळे स्टॅक सायरिलमध्ये आणले, एकमेकांवर जुळवले, लिनियर मॅच या आज्ञेनं त्यांची पातळी एकसारखी केली आणि दीर्घिकेपासून दूरचा ताऱ्यांनी कमी भरलेला एकच चौकोन निवडून तिथला पार्श्वभूमीचा नॉइज वाचला. डीपस्कायस्टॅकरमध्ये त्याआधी दोन गोष्टी बंद कराव्या लागल्या, आरजीबी वाहिन्यांचं बॅकग्राउंड कॅलिब्रेशन आणि कच्च्या फाइलचं व्हाइट बॅलन्स. त्या चालू असतील तर आकडे तुलनेचे राहत नाहीत.

स्टॅकिंगमध्ये तिघं जवळजवळ बरोबरीत निघाले. यात आश्चर्य नाही. नॉइज फ्रेमच्या संख्येच्या वर्गमुळानं कमी होतो, १२० फ्रेमना सुमारे ११ पट, आणि सरासरी काढण्याचं गणित कोणाच्या मालकीचं नाही. मिडियनवरून कप्पा-सिग्मावर येण्यानं जेवढा फरक पडला तेवढा सॉफ्टवेअर बदलून पडला नाही. धुकट रात्री फ्रेमची गुणवत्ता खालीवर होत असेल तर सायरिल आणि पिक्सइन्साइटमध्ये फ्रेमना वजन देण्याची सोय कामी येते, पण एका स्वच्छ रात्रीच्या फ्रेममध्ये तिचा फायदा थोडका.

डीपस्कायस्टॅकरबद्दल दोन गोष्टी न्यायानं सांगायला हव्यात. ‘१२० पैकी १ फ्रेम स्टॅक होईल’ हा त्याचा इशारा अनेकांना घाबरवतो. तो बिघाड नसतो, तारे ओळखण्याचा उंबरठा फार वर असतो. तो खाली आणून शंभरेक तारे ओळखले जातील असं करायचं, पण फार खाली नेला तर नॉइजलाच तारे समजलं जातं. आणि धूमकेतू टिपायचा असेल तर धूमकेतूवर स्टॅक करण्याची त्यातली सोय नवख्यालाही जमते. त्यासाठी तो लॅपटॉपवर ठेवावाच. पण स्टॅकच्या पुढचं काम त्यात करू नये.

फरक पडतो तो ग्रेडियंटपाशी

शहरातून दीर्घिका टिपणाऱ्यासाठी निवडीचा खरा निकष हा एकच टप्पा आहे असं आमचं मत आहे. तेजोमेघांना दुहेरी पट्ट्याचा, म्हणजे प्रकाशाचे दोनच पट्टे जाऊ देणारा, फिल्टर लावून शहराचा उजेड बराच अडवता येतो. दीर्घिकेचा प्रकाश सगळ्या वर्णपटात पसरलेला असतो, रस्त्यावरच्या पांढऱ्या एलईडीचाही तसाच. फिल्टर दोघांनाही सारखंच कापतो. उरतं ते गणितानं वजा करणं.

पहिली पायरी सगळीकडे एकच, कडा कापणं. फ्रेम सरकल्यामुळे स्टॅकच्या कडेला कमी फ्रेमची पट्टी राहते. ती न कापता ग्रेडियंट काढला तर सॉफ्टवेअर त्या पट्टीलाच आकाश समजून अख्ख्या चित्राला चुकीचा उतार लावतं. चारही बाजूंनी १०० ते १५० पिक्सेल बिनधास्त कापावेत.

सायरिलमध्ये दोनदा काम केलं. स्टॅकच्या आधी प्रत्येक फ्रेममधून पहिल्या घातांकाचा, म्हणजे सरळ उताराचा, ग्रेडियंट वजा केला. दोन तासांत उताराची दिशा फिरलेली असल्यामुळे हे आवश्यक होतं. शंभर वेगवेगळ्या दिशांचे साधे उतार एकत्र झाले की स्टॅकमध्ये वेडावाकडा पृष्ठभाग तयार होतो आणि तो काढणं अवघड जातं. मग स्टॅकवर आरबीएफ पद्धतीनं, म्हणजे आकाशाच्या नमुना-ठिपक्यांवरून पार्श्वभूमीचा पृष्ठभाग बसवून, उरलेला काढला. नमुन्याचे ठिपके आपोआप पसरले जातात, पण दीर्घिकेवरचे आणि तिच्या प्रभामंडळावरचे (भोवतीच्या अंधूक तेजावरचे) हातानं पुसायचे. इथे कंजूषपणा करू नये. देवयानीचा प्रभामंडल पडद्यावर दिसतो त्यापेक्षा पुष्कळ लांब पसरलेला असतो. दिसणाऱ्या कडेपासून निदान दीर्घिकेच्या अर्ध्या रुंदीइतकं अंतर मोकळं सोडलं.

तोच स्टॅक ग्रॅक्सपर्टमध्येही घातला. हे फुकट आहे आणि त्यातली एआय पद्धत ठिपके न ठेवताच ग्रेडियंट ओळखते. पिक्सइन्साइटमध्ये डीबीई हे पार्श्वभूमी वजा करायचं साधन वापरून तेच केलं. तिन्ही निकाल तपासायला एक कसोटी लावली, ती इतर कुणालाही लावता येईल : वजा केलेल्या पार्श्वभूमीचं चित्र वेगळं साठवायचं आणि ते कडक उजळून बघायचं. त्यात नुसता मऊ उतार दिसला तर ठीक. त्यात दीर्घिकेच्या आकाराची अंधूक लांबट सावली दिसली तर सॉफ्टवेअर दीर्घिका खातंय.

सायरिलच्या पहिल्या प्रयत्नात ती सावली होती, कारण दोन ठिपके प्रभामंडळावर राहून गेले होते. ते काढल्यावर गेली. ग्रॅक्सपर्टमध्ये स्मूदिंग कमी ठेवलं तेव्हा हलकी सावली आली, वाढवल्यावर मिटली. डीबीईत ठिपके मनासारखे ठेवता येतात, प्रत्येकाचं वजन बघता येतं, आणि हातात सर्वाधिक नियंत्रण तिथेच होतं हे मान्य केलं पाहिजे. पण या चित्रावर, एवढ्या मोकळ्या आकाशाच्या चौकटीत, नीट ठिपके लावलेलं सायरिल, ग्रॅक्सपर्ट आणि डीबीई यांच्या निकालात छापील चित्रात दिसेल असा फरक उरला नाही. चौकट भरून तेजोमेघ असता आणि मोकळं आकाश सापडलंच नसतं, तर डीबीईचं पारडं जड झालं असतं.

रंग, स्ट्रेच, तारे

रंगाचा टप्पा सोपा निघाला. सायरिलमध्ये नाभीय अंतर १३५ आणि पिक्सेल ३.७२ मायक्रॉन भरलं की प्रति पिक्सेल ५.७ विकला असं प्रमाण येतं आणि चित्रातले तारे तारासूचीशी जुळतात. मग फोटोमेट्रिक रंगजुळणी ताऱ्यांच्या खऱ्या रंगांवरून वाहिन्यांचं प्रमाण ठरवते. १.४ आवृत्तीपासून वर्णपटावर आधारलेली एसपीसीसी ही पद्धतही सायरिलमध्ये आहे, जी आधी पिक्सइन्साइटची जमेची बाजू होती. दीर्घिकेचा गाभा उबदार पिवळसर आणि बाहेरचे हात निळसर, हे नातं कुठलाही स्लायडर न हलवता उमटलं. क्रम मात्र पाळायचा, ग्रेडियंट आधी आणि रंग नंतर. उलट केलं तर शहराच्या उजेडाचा रंग हिशेबात मिसळतो. हिरवा कमी करणारं साधनही रंगजुळणीनंतर, आणि गरज असेल तरच.

स्ट्रेचसाठी सायरिलमधलं जनरलाइज्ड हायपरबोलिक स्ट्रेच वापरलं. बरेच जण एकाच फटक्यात उजळायला जातात आणि गाभा जळतो. इथे तीन फेऱ्या केल्या. पहिल्या फेरीत सममिती-बिंदू (जिथे उठाव सर्वाधिक मिळतो तो) हिस्टोग्रामच्या डोंगराच्या डाव्या पायथ्याशी ठेवून मोठा ताण, दुसरीत तो थोडा उजवीकडे आणि ताण निम्मा, तिसरीत उजळ भागाचं संरक्षण खाली आणून फक्त हातांना उठाव. गाभ्याजवळच्या धुळीच्या पट्ट्या त्यामुळे शाबूत राहिल्या.

स्ट्रेचच्या आधी स्टारनेटनं तारे वेगळे काढले होते. स्टारनेट सायरिलमधूनच चालतं, फक्त सेटिंगमध्ये त्याची जागा दाखवावी लागते. फोल्डरची नावं रोमन अक्षरांत आणि मधे जागा न सोडता ठेवली तर आज्ञावलीवर चालणारी अशी साधनं कुरकुरत नाहीत. ताऱ्यांविना दीर्घिका हवी तेवढी उजळता आली, तारे वेगळे, कमी उजळून, सायरिलच्या स्टार रिकॉम्पोझिशनमधून परत बसवले. एम ३२ आणि एम ११० या सोबतच्या छोट्या दीर्घिका तपासून घ्याव्यात. एम ३२ लहान आणि उजळ असल्यानं या प्रमाणावर ती ताऱ्यांच्या चित्रात जाऊन बसू शकते. शेवटची किरकोळ कामं गिंप या फुकटच्या चित्र-संपादकात, १६ बिटची टिफ नेऊन. मार्च २०२५ मध्ये आलेल्या गिंप ३ मध्ये फिल्टर न पुसता परत बदलता येतात, त्यामुळे फोटोशॉपचं मासिक भाडं भरण्याचं एक मोठं कारण संपलं.

नॉइज कमी करण्यासाठी ग्रॅक्सपर्टचं डिनॉइज वापरलं, पण अर्ध्याहून कमी जोरावर. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपवर ते फार हळू चालतं. पूर्ण जोरावर दीर्घिकेचे हात मेणासारखे गुळगुळीत होतात. पिक्सइन्साइटसोबत लोक वापरतात ती एआय प्लगइन या बाबतीत सरस आहेत, पण त्यांचे पैसे वेगळे मोजावे लागतात आणि ग्राफिक्स कार्डाशिवाय त्यांचीही चाल मंद.

काय ठरलं

सायरिल, ग्रॅक्सपर्ट, स्टारनेट आणि गिंप. परवान्यावर शून्य रुपये. वाचलेल्या पैशातून आधी रॅम १६ जीबी करायची आणि फक्त याच कामाची एक ५०० जीबीची एसएसडी घ्यायची.

पिक्सइन्साइट नाकारलेलं नाही, पुढे ढकललं आहे. कृष्णधवल थंड कॅमेरा आणि वेगळे फिल्टर आले, अनेक रात्रींचे वेगवेगळ्या वाहिन्यांचे स्टॅक एकत्र करायचे झाले, किंवा मृग नक्षत्रातल्यासारखे चौकट भरून पसरलेले तेजोमेघ हा मुख्य विषय झाला, की त्यातली गणिताची मोकळीक, मास्क आणि प्रत्येक पायरीची जपलेली नोंद यांची किंमत वसूल होते. तेव्हा चाचणीचे ४५ दिवस हिवाळ्यात सुरू करू नयेत. नागपुरात जून ते सप्टेंबर आकाश बंद असतं. हिवाळ्यातल्या कच्च्या फ्रेम जपून ठेवायच्या आणि जुलैत चाचणी उघडायची. संध्याकाळी पाऊस लागलेला असताना शिकायला सवड असते, आणि शिकायला खरंच महिना जातो.

एक आकडा मात्र आम्ही निर्णयाच्या कागदावर सगळ्यांत वर लिहून दिला. शहरातलं आकाश अंधाऱ्या जागेपेक्षा ३ मॅग्निट्यूडनं (तेजस्वितेच्या प्रतींनी) उजळ धरलं तर पार्श्वभूमीचा प्रकाश सुमारे १६ पट होतो. दीर्घिकेच्या अंधूक भागांसाठी तोच दर्जा मिळवायला वेळही तितकाच पट लागतो. म्हणजे गच्चीवरचे दोन तास आणि अंधाऱ्या माळावरची आठ मिनिटं यांचा तोल सारखा. अंधारात सेन्सरचा स्वतःचा नॉइज पुढे येतो, त्यामुळे प्रत्यक्ष फायदा थोडा कमी भरतो, तरी तो कुठल्याही सॉफ्टवेअरच्या फायद्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. ग्रेडियंट वजा करता येतो, त्या उजेडानं आणलेला नॉइज वजा करता येत नाही. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली आणि त्यातला सिल्लारीचा परिसर नागपूरहून मोटारीनं सत्तर-ऐंशी किलोमीटरवर आहे. जंगलाचा भाग आहे, तिथे मुक्कामाची आणि रात्री थांबण्याची परवानगी आधी घेऊनच जायचं.

तिथून आणलेल्या ४० फ्रेमवर हाच क्रम पुन्हा चालवला. या वेळी डिदरिंग हातानं केलं : दर दहा फ्रेमनंतर कॅमेरा बॉलहेडवर, म्हणजे तो हवा तसा वळवता येणाऱ्या सांध्यावर, अगदी किंचित, दहा-पंधरा पिक्सेल सरकेल इतका, दरवेळी वेगळ्या दिशेला हलवायचा. हा माउंट दोन्ही अक्षांवर आपोआप डिदर करू शकत नाही, म्हणून एवढा त्रास. रेघांची जाळी नाहीशी झाली. डार्क त्याच रात्री, सामान आवरताना झाकण लावून काढले, म्हणून तापमान जुळवायची वेगळी खटपट उरली नाही. ग्रेडियंटला ग्रॅक्सपर्टची एक फेरी पुरली, सायरिलमध्ये फ्रेमगणिक वजाबाकी करावी लागली नाही. प्रभामंडल गच्चीवरच्या चित्रापेक्षा स्पष्टपणे रुंद आला.

उजव्या वरच्या कोपऱ्यातले तारे दोन्ही चित्रांत थोडे लांबट आहेत, उरलेले तीन कोपरे ठीक. एकाच कोपऱ्यात असं होतं तेव्हा लेन्स आणि सेन्सर यांच्यातला कल तपासायचा असतो. पुढच्या अमावास्येला एफ ४ वर २० फ्रेम काढून, कॅमेरा लेन्सच्या माउंटवर घट्ट बसला आहे का ते आधी बघून, मग त्याचा निवाडा करायचा आहे.